रोस्टरचं ॲप : ५ पैकी ३

मी सोलापूरचा. एटीआर या छोट्या प्रवासी विमानावर को-पायलट आहे, बेस हैदराबाद. घरी कुणी ‘आता परत कधी येणार?’ विचारलं की उत्तर माझ्याकडे नसतं, कंपनीने दिलेल्या क्रू ॲपकडे असतं; रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, त्यातच येतो. दोन वर्षं वापरतोय. नाव लिहीत नाही, नोकरी करायची आहे अजून.

नियमांच्या बाबतीत ॲप पक्कं आहे. वर्षाला १००० तासांच्या मर्यादेपैकी किती उडालो, ते उघडल्याबरोबर दिसतं. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) नव्या नियमाने १ जुलै २०२५ पासून आठवड्याची विश्रांती ३६ ची ४८ तास झाली, तीही त्याने बिनचूक धरली. पूर्वी सोलापूरला यायचं म्हणजे उंबरठ्याला पाय लावून परत फिरायचं. आता एक रात्र धड झोप तरी होते.

वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये बदली कामगार होते. रोज गेटवर जायचं, जॉबरने, म्हणजे मुकादमाने, बोलावलं तर काम, नाहीतर घरी. मी त्यांना स्टँडबाय म्हणजे काय (तयार राहायचं, बोलावलं तरच उडायचं) ते समजावत होतो, तर म्हणाले, “बदलीच की रे! फक्त जॉबर खिशात घेऊन फिरतोस.”

आता तक्रार. आमचा रोस्टर यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतो, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. ॲपच्या आत वेळ बरोबर दिसते; पण फोनच्या कॅलेंडरला सिंक केलं की यूटीसीचाच आकडा भारतीय वेळ म्हणून उतरतो. जानेवारीत मंगळवेढ्याला मावशीच्या शेतावर हुरडा होता. आदल्या रात्री ड्युटी बदलल्याचा मेसेज आला, कॅलेंडरमध्ये रिपोर्टिंग दुपारी १२:३०. आगटी पेटली, पहिली कणसं राखेत गेली आणि मी बॅग उचलली. हैदराबादला पोचून ॲप उघडलं तर रिपोर्टिंग संध्याकाळी सहाला! आधीच उघडून बघायला हवं होतं, कबूल. मावशीला यूटीसी कसं समजावणार?

तक्रार केली तर उत्तर आलं, ‘नोंद घेतली आहे’. आठ महिने झाले. याचं कारण बाजारातच आहे. जेपेसन, सीएई, नेटलाइन, एम्स, आपल्या तिरुवनंतपुरमची आयबीएस, सगळे रोस्टरचं सॉफ्टवेअर विकतात ते विमान कंपनीला. कमी माणसांत, कमी हॉटेल खर्चात जास्त उड्डाणं कशी बसतील, हे गणित खरंच अवघड आहे आणि त्यात ही मंडळी तरबेज आहेत. जेपेसनचं त्यातलं मूळ काम तर स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या कार्मेन सिस्टिम्सचं, बोइंगने २००६ मध्ये घेतलेलं. पण वैमानिकाच्या फोनवर काय दिसतं, ते बघून कोण सही करणार?

आणि खरी परीक्षा रोस्टर विस्कटल्यावर असते. २००४ च्या नाताळात अमेरिकेतल्या कोमएअरचं क्रू सॉफ्टवेअर बसलं. महिन्याला साधारण ३२ हजारांपलीकडे बदल त्याला मोजताच येत नव्हते आणि बर्फवृष्टीत ती हद्द ओलांडली गेली. सुमारे ११०० उड्डाणं रद्द. २०२२ च्या नाताळात साउथवेस्टचीही तशीच गत, तिथे आकडा साडेसोळा हजारांच्या पुढे गेला. आमच्याकडे धुक्याच्या दिवसांत ॲप नुसतं गोल गोल फिरतं आणि क्रू कंट्रोलचा फोन एंगेज लागतो.

तीन स्टार दिले ते त्या ४८ तासांसाठी. सिंक बंद केलंय. आता रोस्टर आला की मी घरी फोन करतो आणि आई स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहून ठेवते. पेनाने नाही, खोडावं लागतं.