नागरिकत्वाच्या अर्जाआडून दाखवलेली सातबाऱ्याची भीती

परदेशात कायम रहिवासाचा परवाना, म्हणजे पीआर, असलेल्या मुलाने तिथल्या नागरिकत्वासाठी अर्ज केला आहे असे कळताच इकडे कोल्हापुरात त्याच्या घरच्यांना गाठणारे सल्लागार आहेत. अशाच एकाने आमच्या आबांकडून सव्वा लाख रुपये उकळले. ज्यांची मुले बाहेर आणि उसाची जमीन इकडे आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

माझा धाकटा भाऊ कॅनडात असतो. तिथे अर्जाआधीच्या ५ वर्षांत किमान १,०९५ दिवस प्रत्यक्ष देशात राहावे लागते, आणि पीआर मिळण्यापूर्वीचा वैध वास्तव्याचा प्रत्येक दिवस अर्धा धरला जातो, तोही जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंत. हा हिशेब जुळवून त्याने स्वतःच ऑनलाइन अर्ज केला होता. तरीही सल्लागाराने पहिल्याच भेटीत 'कोल्हापुरातले दिवस कॅनडात दाखवून फाईल पुढे सरकवतो' असे सांगितले. खोटी माहिती दिल्याचे उघड झाले तर अर्ज फेटाळला जाऊन ५ वर्षे नागरिकत्व मिळत नाही, असे भावाने फोनवर बजावल्यामुळे तो विषय तिथेच थांबला.

मग जमिनीचा विषय निघाला. आईच्या पश्चात वारसनोंद होऊन भावाचे नाव सातबाऱ्यावर लागलेले आहे. "आबा, पीआर आहे तोवर काळजी नाही, पण शपथ घेतली की नाव जातंय बघा, जमीन सरकारजमा," हे सल्लागाराचे शब्द. ही थाप पचली, कारण तिच्यात निम्मे सत्य आहे. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. पासपोर्ट जमा करावा लागतो, आणि पुढे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे कार्ड) घेतले तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यातच महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते. मात्र नव्याने विकत घेण्यावर असलेली बंदी आधीच वारशाने आलेल्या जमिनीला लागू होत नाही. ती ठेवता येते, आणि पुढे विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. एवढे एकच वाक्य आबांना त्या दिवशी कोणी सांगितले असते, तर पुढचे काही घडले नसते.

'जमीन वाचवण्यासाठी' रिझर्व्ह बँकेची परवानगी काढून देतो म्हणून त्याने पैसे घेतले आणि काही आठवड्यांनी एक पत्र आणून दिले. गोल शिक्का, अशोकस्तंभ, खाली निळ्या शाईची झोकदार सही, सगळे जागच्या जागी होते. तारीख मात्र २ ऑक्टोबरची, आणि क्षेत्र आमच्या सातबाऱ्यावरच्या एकूण क्षेत्रापेक्षाही जास्त. गांधी जयंतीला कामावर आलेला हा अधिकारी कोण, हा प्रश्न आबांनीच विचारला.

खरा डाव त्यानंतर उघड झाला. टोरांटोच्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही करून पाठवण्यासाठी त्याने भावाला मुखत्यारपत्राचा मसुदा मेल केला होता. वर 'देखभालीसाठी' असे लिहिलेले असले तरी तिसऱ्या पानावर जमीन विकण्याचा, पैसे स्वीकारण्याचा आणि दुय्यम निबंधकापुढे दस्त नोंदवण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणालाही माहीत नसलेल्या एका इसमाला दिलेला होता. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. पण विक्रीचा अधिकार असलेले मुखत्यारपत्र हाती आले की त्याच्या आधारे रीतसर खरेदीखत करता येते, हे आमच्या वकिलांनी मसुदा वाचताच दाखवून दिले. भावाने सही केली नाही, म्हणून जमीन राहिली.

कॅनडाच्या नागरिकत्वाचा सल्ला पैसे घेऊन देणारा माणूस तिथला वकील किंवा तिथल्या अधिकृत नियामक संस्थेचा परवानाधारक असावा लागतो, आणि परवानाधारकांची यादी कोणालाही ऑनलाइन पाहता येते. त्याचे नाव त्या यादीत नव्हते. जमिनीच्या प्रश्नाला तर असा सल्लागार लागतच नाही. सातबारा आणि फेरफार घेऊन दिवाणी वकिलाकडे गेले की पुरते.

पोलिसांत तक्रार दिली आहे. खात्यावरून पाठवलेल्या पन्नास हजारांचा पुरावा बँकेच्या उताऱ्यावर मिळाला. उरलेल्या रोख पंचाहत्तर हजारांसाठी आबांकडे वहीतून फाडलेली एक चिठ्ठी आहे, तिच्यावर 'कामाचे मिळाले' एवढेच लिहिलेले असून ना रक्कम आहे ना नाव.