भाड्याची एलईडी भिंत : पडदा झकास, साउंड नसता तरी भागलं असतं

आमच्या मनीष नगरातल्या लेआउटमध्ये आतापर्यंत दोन फुटबॉल फायनल मोठ्या पडद्यावर झाल्या. दोन्ही वेळा पडदा, साउंड आणि तो चालवणारा माणूस एकाच डेकोरेशनवाल्याकडून आणला. त्याचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत, आणि पोरगा मेहनती आहे. पण नागपुरात आता असे पडदे भाड्याने देणारे बरेच झाले आहेत आणि सगळ्यांचं पॅकेज जवळपास सारखंच असतं, त्यामुळे वाचणाऱ्याला उपयोग होईल.

पहिली वेळ 18 डिसेंबर 2022, रविवार, वर्ल्ड कपची फायनल, अर्जेंटिना-फ्रान्स. दुसऱ्या दिवशी इथे हिवाळी अधिवेशन सुरू होणार होतं. फोन केला तर पहिलं वाक्य, "अधिवेशन आहे ना काका, अर्धा माल तिकडेच लागून राहिला." म्हणजे भाव चढा. 12 बाय 8 फुटांची भिंत, स्पीकरमध्ये दोन टॉप आणि दोन बेस, मिक्सर आणि ऑपरेटर मिळून 13 हजार. जनरेटरचे 4 हजार वेगळे, डिझेल आपलं. खुर्ची 7 रुपये, अशा दीडशे. घरटी तीनशे वर्गणी काढली, त्यात हे सगळं बसून सांबारवड्या (म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या) आणि चहाही निघाला.

पडद्याबद्दल आधी सांगतो, कारण तिथे पैसे वसूल आहेत. अंधारात तर दिसतोच, पण संध्याकाळी उजेड असतानाही चित्र स्वच्छ होतं. प्रोजेक्टरला हे जमत नाही. एक चूक आमची. पोट्ट्यांसाठी दरी (सतरंजी) अगदी पडद्याला चिकटून अंथरली. ऑपरेटर म्हणाला, "काका, हा चार एमएमचा आहे, दोन ठिपक्यांत तेवढं अंतर, चार मीटरच्या आत बसवाल तर मेस्सी नाही, ठिपके दिसतील." दरी मागे घेतली. एक चूक त्याची. खालच्या कोपऱ्यातला एक पॅनल बिघडलेला, तेवढ्या भागातलं गवत अख्खा सामना गुलाबी. कॉर्नर किक त्या बाजूने असली की कुणीतरी ओरडायचंच, "गेला पाहा लग्नाच्या मंडपात."

आता साउंड.

मी वीस वर्षं लेफ्ट बॅक खेळलो. मोतीबागेच्या रेल्वे मैदानावर खेळलो, नागपूरजवळच्या कामठीला तर किती वेळा. कामठीला फुटबॉल बघायला माणसं नुसती येत नाहीत, ती रेषेवर उभी राहतात. थ्रो-इन घ्यायला दोन पावलं मागे जायचं तर आधी कुणाच्या तरी चपलेवर पाय पडतो. तो माणूस तुमचं मागच्या आठवड्यातलं सेल्फ गोलही काढतो, तेही कानाशी येऊन. तिथे कधी माइक नव्हता, स्पीकर नव्हता, आणि मैदानात उतरताना पोटात जो गोळा यायचा तो नंतर कुठल्या मोठ्या मैदानावर आला नाही. यशवंत स्टेडियमवर खेळलो तेव्हा लोक कमी नव्हते, पण गॅलरी लांब. आवाज पोचेपर्यंत विझायचा.

असा माणूस पडदा ठरवायला पाठवला की तो साउंडबद्दल भांडणारच. मी म्हटलं, कॉमेंटरी बारीक ठेव, मैदानातल्या गर्दीचा आवाज येऊ दे. त्याने मान हलवली आणि नेमकं उलटं केलं. 23 व्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टी घातली. लोक उठून उभे राहतात न राहतात तोच बेस धडधडायला लागला. लग्नाच्या वरातीतलं गाणं! पोरं वीस सेकंद नाचली, गाणं थांबलं, सगळे खाली बसले. 36 व्या मिनिटाला दि मारियाचा गोल, इकडून तिकडे झपाझप पासचा, आयुष्यात लक्षात राहावा असा. त्यालाही तेच. गाणं, नाच, बसा. या दुसऱ्या गोलच्या वेळी मी पडद्याकडे नाही, लोकांकडे बघत होतो. गोल झाल्यावर अर्ध्या लोकांनी आधी स्पीकरकडे पाहिलं. ओरडायचं काम कुणीतरी भाड्याने करून देतंय म्हटल्यावर आपण कशाला घसा बसवा?

जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेट बघितलंय त्यांना कळेल. प्रत्येक चौकारानंतर डीजे. 2020 मध्ये मे महिन्यात जर्मनीत रिकाम्या स्टेडियममध्ये लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा मी डॉर्टमुंड-शाल्के बघितली होती. बुटाचा चेंडूवर होणारा टप टप आवाज ऐकू येत होता, सरावाला गेल्यासारखा. नंतर इंग्लंडच्या सामन्यांना टीव्हीवाल्यांनी व्हिडिओ गेममधला गर्दीचा आवाज जोडला. घरी बसून बघायला तेवढं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिथे गर्दीच नव्हती. इथे मैदानात तीनशे माणसं हजर असताना तोच उद्योग चालला होता.

मग दहा वाजले. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. परवानगीच्या अर्जावर मीच सही केली होती, शिवाय आमच्याच गल्लीत एका पोरीचा सोमवारी पेपर. दहाला पाच कमी असताना ऑपरेटरने आवाजाचा फेडर खाली ओढला. सेकंड हाफ सुरू होऊन वीसेक मिनिटं झालेली, अर्जेंटिना दोन शून्यने पुढे, आणि आमच्याकडे नुसतं चित्र. मागे जनरेटरची घरघर, शेकोटीत लाकूड फुटल्याचा आवाज. मला वाटलं आता लोक घरी जातात.

झालं भलतंच. कॉमेंटरी नाही म्हटल्यावर मागचे लोक पुढे सरकले. खुर्च्या सोडल्या. थंडी होती, बारा-तेरा डिग्री असेल, खांद्याला खांदा लागला तर बरंच वाटत होतं. कुणीतरी मला म्हणालं, काका तुम्ही सांगा कोण खेळून राहिलं ते. मी नावं घ्यायला लागलो. कोमान आला. कोलो मुआनी आला. चेंडू एम्बापेकडे गेला आणि मागून एक बारीक आवाज आला, इतवारीतला पोरगा, आमच्याकडे भाड्याने राहतो:

"एम्बापेलाऽऽ..."

आणि दहा-बारा जणांनी उत्तर दिलं, "घेऊन जा गे मारबत!"

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते तेव्हा रोगराई, महागाई, जे काही अंगावर आलंय ते सगळं घेऊन जा म्हणून तिला ओरडून सांगायचं असतं. एकाने सुरुवात करायची, गर्दीने पुरं करायचं. हे आम्हाला शिकवावं लागत नाही. पुढच्या वेळी एम्बापेला चेंडू मिळाला तेव्हा पन्नास जण होते. त्याच्या पुढच्या वेळी उजवीकडे बसलेले फ्रान्सवाले पोट्टे (होते तीसेक, सगळे एम्बापेपायी) चिडून उठले आणि "मेस्सीलाऽऽ" सुरू केलं. आता दोन तट पडले. अंगावर काटा आला, खरंच. कामठीची रेषा आमच्या लेआउटच्या ओपन स्पेसमध्ये आली होती आणि तिला वीज लागत नव्हती.

मारबत काही त्याला घेऊन गेली नाही. 80 व्या मिनिटाला पेनल्टी, गोल.

इथे या सेवेतली सर्वांत मोठी खोट उघडी पडली. ऑपरेटरने सामना लॅपटॉपवर ऑनलाइन लावला होता. ऑनलाइन चित्र डिशच्या मागे असतं हे मला माहीत होतं, पण किती ते नाही. आमचे लोक डोक्याला हात लावून बसलेले, पडद्यावर अर्जेंटिनाने मधल्या वर्तुळातून चेंडू नुकताच सोडलेला, आणि समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून पाच-सहा पोट्ट्यांची किंकाळी. "गोऽऽल!" त्यांच्याकडे डिश. आम्हाला कळेना कुणाचा, कुठला. तीनशे माणसं गच्चीकडे बघतायत. मग चाळीसेक सेकंदांनी आमच्या पडद्यावर मेस्सीच्या पायातून चेंडू गेला, आणि एम्बापेने हवेतल्या हवेत तो मारला. दोन मिनिटांच्या आत दोन गोल, जगाने तोंडात बोट घातलं असेल, आणि आमच्याकडे एक बारीक "हं". शिळी बातमी. दहापर्यंत स्पीकरच्या दणक्यात ही गच्ची कुणाला ऐकूच आली नव्हती.

फुटबॉलमध्ये गोल आधीच कमी. दोन तासांत दोन-तीन वेळा फुटायचं, तेवढ्यासाठी बाकी वेळ श्वास धरायचा. तो क्षण सगळ्यांना एकदम मिळाला तरच आवाज होतो. अर्ध्या मिनिटाचा फरक पडला की गर्दीचे तुकडे होतात. ऑपरेटरला म्हटलं तर तो म्हणे, "नेटच असं आहे काका, मी काय करू." बरोबरच आहे. पण डिशचा बॉक्स आणा असं त्याने बुकिंगच्या वेळी सांगायला हवं होतं. हे त्याचं रोजचं काम आहे, माझं नाही.

उपाय आमच्या सौ.ने काढला. एक्स्ट्रा टाइमच्या आधी ती समोरच्या बिल्डिंगखाली गेली आणि ओरडली, "अरे वर काय करून राहिले बे, खाली या, सांबारवड्या आहेत." आले सगळे, टोप्या घालून. त्यातल्या एकाने पहिली दोन मिनिटं पुढचं सांगायचा प्रयत्न केला, त्याच्या तोंडात वडी कोंबली. त्यानंतर गच्ची गप्प.

त्यानंतरचं काय सांगू. 108 व्या मिनिटाला मेस्सी, 118 व्याला पुन्हा एम्बापे. अगदी शेवटी कोलो मुआनी एकटा गोलकीपरसमोर. मार्तिनेझने डावा पाय लांबवला. त्या क्षणी आमच्या मैदानात जो आवाज झाला तो ओरडण्याचा नव्हता, तीनशे माणसांनी एकदम आत घेतलेल्या श्वासाचा होता. जनरेटरही ऐकू आला नाही. शूटआउट चार-दोनने संपलं तेव्हा साडेअकरा होत आले होते, आणि दीडशे खुर्च्यांपैकी एकीवरही कुणी बसलेलं नव्हतं. हजार-पन्नास रुपये त्या खुर्च्यांचे, पाण्यात. (पेपरवाल्या पोरीच्या घरी सकाळी वड्यांचा डबा घेऊन माफी मागायला मीच गेलो. स्पीकर बंद होता हे कारण तिच्या वडिलांनी मानलं नाही.)

दुसरी वेळ 31 मे 2025, चॅम्पियन्स लीगची फायनल, पॅरिस विरुद्ध इंटर, म्युनिकला. आपल्याकडे रात्री साडेबारा. या वेळी समाजभवनात, पत्र्याच्या छताखाली. डिशचा बॉक्स मी घरून नेला, शेजारच्या छतावरून वायर ओढली, गच्चीवाल्यांना आधीच आमंत्रण. माणसं जेमतेम साठ, मेचा उकाडा, दोन कूलर. खुर्च्या सांगितल्याच नाहीत. 12 व्या मिनिटाला हकिमीचा गोल झाला तेव्हा साठ जणांचा आवाज पत्र्यावर आपटून जो खाली आला, तो बावीसच्या तीनशेंपेक्षा मोठा वाटला. डॉर्टमुंडला दक्षिणेच्या स्टँडमध्ये पंचवीस हजारांच्या आसपास लोक छताखाली उभे असतात, त्याला पिवळी भिंत म्हणतात. ती एवढी का गाजते ते त्या पत्र्याखाली कळलं. इंग्लंडने 1989 च्या हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीनंतर मोठ्या क्लबांच्या मैदानांवर सगळीकडे खुर्च्या बसवल्या. 97 जीव गेले होते, त्यामुळे ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. 2022 पासून कठडे लावून काही ठिकाणी उभं राहू देतात. आमच्याकडे साठ माणसं आणि दोन दारं, तरी एक दार पूर्ण वेळ उघडं ठेवलं होतं.

पण सामनाच मेला. विसाव्या मिनिटाला दोन शून्य, शेवटी पाच शून्य. इंटरचा चाहता अख्ख्या हॉलमध्ये एक, निळ्या-काळ्या जर्सीतला, त्याला चिडवून तरी किती चिडवणार. तिसऱ्या गोलनंतर निम्मी जनता दरीवर आडवी. यात डेकोरेशनवाल्याचा दोष शून्य.

थोडक्यात घेणाऱ्यांसाठी: पडदा घ्या, पॅनल लावून झाले की पांढरा रंग दाखवायला सांगा, बिघडलेला लगेच दिसतो. वायर आणि बॉक्स आपला ठेवा. ऑपरेटर वेळेवर येतो, शेवटपर्यंत जागा राहतो, सामान आवरून जातो, त्याला पूर्ण मार्क. खुर्च्या फक्त म्हाताऱ्यांपुरत्या.

हिशोब करायला आला तेव्हा त्याला विचारलं, पुढच्या वेळी साउंड नको, नुसती भिंत दे, किती कमी करशील? तो हसायलाच लागला.

"काका, पैसे भिंतीचेच घेतो मी. साउंड तर फुकट देऊन राहिलो."