मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधली ‘रिंग’: २८,५०० रुपये घेतले, डोळ्यात काहीच नाही

सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या वर्षी एका खाजगी हॉस्पिटलात केलं. पॅकेज ४२,००० रुपयांचं, ते विम्यातून गेलं. वर २८,५०० रुपये आम्ही पदरचे भरले, एका नवीन रिंगसाठी. ती रिंग त्यांच्या डोळ्यात नाही. हे चारचौघांत सांगायची लाज वाटते, पण सांगितलंच पाहिजे.

काउन्सेलर बाई म्हणाल्या, “ताई, ऑपरेशननंतर वर्षा-दोन वर्षांत मागे जाळी येते, मग लेझर करावं लागतं. ही रिंग आत्ताच परदेशातून आली आहे. बसवली की जाळीचं नावच नको. आईंना शुगर आहे, तुम्ही तर घ्याच.” मी विचारलं, मग विम्यात का नाही? “नवीन आहे ना, अजून यादीत नाही.” यात खोटं काय वाटणार? जाळी येते हे खरंच आहे. शेजारच्या काकांना आली होती. निम्मं खरं सांगितलं की उरलेलं निम्मं खपतं.

ऑपरेशनच्या दिवशी आईंना हिरवी टोपी घालून बसवलं होतं, डोळ्यात थेंब टाकणं चालू होतं. सिस्टर म्हणाली, “पेमेंट दाखवा, मग आत घेतो.” मी काउंटरवरचा कोड स्कॅन केला आणि मोबाईलवर हॉस्पिटलचं नाव आलंच नाही. कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं आलं. मी थांबले. विचारलंसुद्धा. कॅशिअर मान वर न करता म्हणाला, “सप्लायर आहे, त्याला डायरेक्ट जातं.” आत माणूस ऑपरेशनला तयार बसलेलं असताना बाहेर हुज्जत कोण घालतं? मी पिन टाकला. पावती मागितली तर हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळाली: ‘विशेष साहित्य २८,५००’. शिक्का नाही, कंपनीचं नाव नाही. तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. पैसे दुसऱ्याच नावावर जाताना दिसले तर तिथेच थांबा, ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं तरी चालेल. मोतीबिंदू सहसा तेवढी वाट बघतो.

वर्षभरात आईंना पुन्हा धुरकट दिसायला लागलं. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाहुली मोठी करून तपासलं आणि म्हणाले, “जाळी आहे. लेन्स नीट बसली आहे. रिंग? मला तरी कुठे दिसत नाही.” मग त्यांनी समजावलं. मूळ भिंगाच्या उरलेल्या पेशी, लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवतात तिच्यावर वाढतात, तीच ही जाळी. चौकोनी काठाच्या लेन्सने ती वाढ कमी होते, पण कधीच येणार नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही. आली तर यॅग लेझर, ओपीडीतलं काही मिनिटांचं काम. त्याचे आमचे ३,००० झाले. आणि रिंग मुळात ती पिशवी धरून ठेवणारे धागे कमकुवत असलेल्या डोळ्यांसाठी, मार लागलेल्या वगैरे. ती १९९० च्या दशकापासून वापरात आहे. नवीन कसली!

हे सगळं लिहून द्या म्हटलं तर त्यांनी कागदावर फक्त जाळी आणि लेझरचा सल्ला लिहिला. एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध लिहीत नाही.

जुन्या हॉस्पिटलने कागद द्यायला टाळाटाळ केली. रेकॉर्ड लेखी मागा, ७२ तासांत देणं बंधनकारक आहे, हे ऐकवल्यावर हलले. ऑपरेशनच्या नोंदीत फक्त लेन्स. ऑपरेशननंतर मिळालेल्या कार्डावर स्टिकर एकच, तेही लेन्सचं. डोळ्यात जे बसवतात त्याच्या पाकिटावर बॅच नंबर, मुदत, एमआरपी असतेच. प्रत्येक वस्तूचं पाकीट मागून घ्या.

पोलीस चौकीत साहेब म्हणाले, “पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने टाकलेत, मग फसवणूक कशी?” अहो, फसवणुकीत पैसे माणूस स्वतःच देतो! तिथून एका सरकारी खात्यात पाठवलं. त्यांनी वस्तू दाखवा म्हणून सांगितलं. जी बसवलीच नाही ती दाखवू कुठून? मग दुसरा टेबल, तिसरा टेबल, “साहेब मीटिंगला गेलेत”, अर्जाची पोच द्यायलाही नकार. एकाने तर डॉक्टरांवर ग्राहक कायदा चालत नाही असं ठणकावून सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच पैसे घेऊन केलेले उपचार या कायद्याखाली आणले आहेत. खुर्चीवर बसून चुकीचं सांगायचं आणि माणसाला घरी पाठवायचं, याचा पगार मिळतो यांना.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. वकिलाशिवाय टाकता येते, भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करून माहिती मिळते. २८,५०० अधिक ३,००० असे ३१,५०० आणि त्रासाची भरपाई मागितली आहे. हॉस्पिटलचं उत्तर अजून यायचंय. तुमच्या घरी अशी ‘विशेष साहित्या’ची चिठ्ठी पडून असेल तर फाडू नका, आणि कार्डावर स्टिकर किती आहेत ते आजच बघा.