आत्याचे साडेचार महिने : सिस्टरांच्या शुश्रूषाघराविषयी

बेळगावहून खानापूरकडे जाताना मुख्य रस्ता सोडून थोडे आत वळले की ख्रिस्ती सिस्टरांनी चालवलेले एक बैठे, कौलारू शुश्रूषाघर लागते. अंथरुणाला खिळलेल्या आणि घरी सांभाळणे अशक्य झालेल्या स्त्रियांना तेथे ठेवून घेतात. संस्थेचे नाव कोठे छापू नये, असे तेथील मदरनी मला सांगितले असल्यामुळे ते मी लिहीत नाही. कॅम्पातल्या चर्चमध्ये चौकशी केल्यास पत्ता मिळतो. माझी आत्या फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत तेथे होती. अशा ठिकाणांविषयी लोक एक तर भारावून लिहितात, नाही तर संशयाने. शहापूर-वडगावातल्या ज्या कुटुंबांवर आमच्यासारखी वेळ येईल, त्यांना या दोन्हींचा काही उपयोग नाही, म्हणून जे पाहिले ते तपशिलाने लिहीत आहे.

आत्या ब्याऐंशी वर्षांची, निपुत्रिक विधवा. नोव्हेंबरात तिच्यावरून अर्धांगवायूचा झटका गेला आणि उजवी बाजू लुळी पडली. आम्ही प्रथम पैसे मोजून घरी बाई ठेवली. ज्या एजन्सीकडून बाई येत असे, तिने अकरा आठवड्यांत चार बायका बदलल्या. प्रत्येक नवी बाई पहिल्यापासून शिकायची आणि शिकली की जायची. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, हे आम्हांला कोणी बजावून सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. संक्रांतीच्या सुमारास माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. त्यावर आम्ही पावडर लावत राहिलो आणि महिना उलटायच्या आत तेथे लिंबाएवढा खड्डा पडला. याचा सगळा दोष एजन्सीवर ढकलणे मला जमणार नाही, कारण घरात आम्ही चार धडधाकट माणसे होतो.

शुश्रूषाघरात नेले त्या दिवशी जखम पाहायला जी सिस्टर आली, ती मूळची केरळची. बेळगावात नऊ वर्षे काढल्यामुळे तिचे मराठी मात्र अस्सल इकडचे झाले आहे. आपल्या बायकांसारखीच तीही ‘मी येतो’, ‘मी बघतो’ असे म्हणते. तिने हातमोजे चढवले, सलाईनची बाटली घेतली आणि खाटेशेजारी वाकून उभे न राहता ती सरळ फरशीवर गुडघे टेकून बसली, म्हणजे जखम तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आली. आधी तिने वास घेतला, मग कडा दाबून पाहिल्या. आत्या आयुष्यभर सोवळ्याओवळ्यात वाढलेली. तिने डाव्या हाताने सिस्टरचे मनगट धरले आणि जड जिभेने म्हणाली, “तुम्ही नका हो हात लावू. मी पारोशी आहे.” सिस्टरने मनगट सोडवून घेतले नाही. तशीच थांबून ती म्हणाली, “मग काय झालं ओ आत्या, मीपण सकाळपासून पारोसाच आहे की.” आत्याने हात काढला. त्यानंतरची पंचवीस मिनिटे, धुऊन, टिपून, औषधात भिजवलेली घडी भरून पट्टी बसेपर्यंत, त्या खोलीत कोणी बोलले नाही.

ख्रिस्ती धर्माची थोडीफार माहिती असणाऱ्याला येथे बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय आठवल्याशिवाय राहणार नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू पंक्तीतून उठतो, अंगावरचे वस्त्र उतरवून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि गंगाळात पाणी घेऊन शिष्यांचे पाय धुऊ लागतो. ते काम त्या काळी घरातल्या चाकराचे होते. त्यांतला पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. सेवा करून घेणाऱ्याला वाटणारा हा संकोच त्या कथेत टाळलेला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. शिवाय त्या रात्री ज्यांचे पाय धुतले गेले त्यांत यहूदाही होता. तो उठून बाहेर जातो ते नंतर. ज्याच्याकडून घात होणार हे ठाऊक आहे, त्याच्याही घोट्यावरून तोच ओला हात फिरतो, आणि मग त्याच बैठकीत ‘मी तुमच्यावर प्रीती केली तशी तुम्ही एकमेकांवर करा’ ही नवी आज्ञा दिली जाते. ‘तशी’ या एका शब्दावर सगळा भार आहे.

पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, हाच प्रसंग शुश्रूषाघरात विधी म्हणून झाला. फादर आले, बारा खाटांवरच्या बारा स्त्रियांचे पाय धुतले, आत्याचाही लुळा पाय पितळी परातीत धरून पुसला. रोमन कॅथलिक विधिनियमांप्रमाणे २०१६ पर्यंत हे पाय पुरुषांचेच असत. पोप फ्रान्सिस यांनी त्या वर्षी तो नियम बदलला, असे मदरनी सांगितले. विधी सुंदर होता, पांढरे टॉवेल होते, मोगरा होता, नातेवाइकांचे मोबाइलही वर झालेले होते. पण खरे सांगायचे तर मला त्यात फारसे काही झाले नाही. मदरना मी तसे म्हणालो, तेव्हा त्या हसून म्हणाल्या की वर्षातून एकदा आठवण करून द्यावी लागते, नाही तर रोजचे काम हे नुसते कामच होऊन बसते.

त्यांच्या व्हरांड्यात फादर डेमियन यांचे जुने चित्र टांगलेले आहे. हे बेल्जियन धर्मगुरू १८७३ साली हवाई बेटांतील मोलोकाई येथे कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहायला गेले, त्यांच्या जखमा बांधल्या, घरे उभारली, अखेर त्यांनाही कुष्ठरोग जडला आणि १८८९ साली ते त्यातच वारले. चित्राखालून जाणारी आमची केरळची सिस्टर मात्र हातमोज्यांशिवाय पट्टीला हात लावत नाही आणि प्रत्येक खाटेनंतर कोपरापर्यंत हात धुते. मी एकदा गमतीने चित्राकडे बोट दाखवले. ती म्हणाली, “त्यांच्या वेळी औषध नव्हतं. मी आजारी पडलो तर उद्या हिला कोण बघणार ओ?” ख्रिस्ती विचारात ज्या प्रीतीला ग्रीक भाषेतून ‘अगापे’ म्हणतात, म्हणजे समोरच्याच्या भल्यासाठी स्वतःचे खर्ची घालणारी प्रीती, तिच्यावर मोठमोठी प्रवचने असतात. येशू सेवा करून घ्यायला आला नाही, सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून, म्हणजे त्यांच्या सुटकेचे मोल म्हणून, द्यायला आला, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. सेवा आणि जीव देणे ही दोन्ही तेथे एकाच वाक्यात येतात. पण जीव एकदम द्यावा लागण्याचा प्रसंग क्वचितच कोणावर येतो. येथे तो रात्री बारा, दोन आणि चार वाजता उठून कूस बदलण्यात थोडा थोडा दिला जातो, आणि त्याची नोंद खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या वहीत निळ्या शाईने होते. ती वही मी अधूनमधून चाळत असे. साडेचार महिन्यांत मला दोनच वेळा खाडाखोड आढळली.

आमच्या नात्यातल्या काहींनी ‘बाटवतील’ अशी भीती घातली होती, तिचेही सांगून टाकतो. संध्याकाळी प्रार्थना होते. ज्यांना जायचे त्या खुर्चीवरून जातात. आत्याच्या उशाशी विठ्ठलाची तसबीर शेवटपर्यंत होती आणि मोबाइलवर हरिपाठ लावून देण्याचे काम बहुतेक वेळा सिस्टरच करत असे, कारण आम्हांला पोहोचायला उशीर व्हायचा. खुद्द आत्याला मिशनचे वावडे नव्हते. तिच्या सासूला तरुणपणी बेळगावहून आगगाडीने मिरजेला, डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशनच्या दवाखान्यात नेले होते आणि ती बरी होऊन परत आली होती, एवढे त्या घराला पुरेसे होते.

आता तक्रार. तिथल्या सिस्टर पाच आहेत, आणि त्यांच्या हाताखाली आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या सहा आया. सिस्टरांनी व्रत घेतले आहे, त्यांना पगार नाही, घर नाही, आणि त्यांनी ते जाणूनबुजून पत्करलेले आहे. आयांनी कसलेही व्रत घेतलेले नाही. त्यांतल्या एकीला दोन मुली आहेत आणि नवऱ्याचे हातपाय दारूने गेलेले आहेत. आमच्या घरी येणाऱ्या एजन्सीच्या बाईच्या हातात जेवढे पैसे पडत, त्याहून हिला कमी मिळत असत, आणि दिवसपाळी लांबली की तिची शेवटची बस चुके. मग ती कोठीत गोणपाटावर झोपे. तिने मार्चमध्ये पगारवाढ मागितली, तेव्हा हिशेब पाहणाऱ्या गृहस्थांनी तिला ‘ही नोकरी नाही, सेवा आहे’ असे ऐकवले. तिने ते मला कपडे वाळत घालता घालता सांगितले, रडून नव्हे, चिडून.

मला त्या वाक्याचा अजूनही राग येतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकलेले असते. याजक बाजूने निघून जातो, मंदिरातल्या सेवेचा मान असलेला लेवीही जातो, आणि ज्याचा यहुदी लोक तिरस्कार करत असा शोमरोनी तेवढा थांबतो. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो. हे सगळे आपल्याला तोंडपाठ असते. पण दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार मोजून देतो आणि याहून अधिक लागले तर परतताना फेडीन म्हणतो, याकडे फार कोणी थांबून पाहत नाही. तू फुकट कर, ही सेवा आहे, असे तो त्या मालकाला सांगत नाही. तेल त्याचे, जनावर त्याचे, वेळ त्याचा आणि पैसेही त्याचेच. त्याच अध्यायात जरा आधी, सातव्या वचनात, कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे, असेही स्पष्ट लिहिलेले आहे. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय तर आणखी पुढे जातो: माणसाने आपले सर्वस्व वाटून टाकले, आपला देहही अर्पण केला, पण प्रीती नसेल तर त्यातून काहीच लाभ नाही. मग दुसऱ्याचे पोट मारून केलेल्या त्यागाला काय म्हणायचे?

हे मी मदरना पत्राने कळवले, तोंडी सांगण्याचे धैर्य झाले नाही. त्यांनी मला बोलावून घेतले, पत्र टेबलावर पसरून ठेवले होते. त्या म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे. पैसे मात्र नाहीत.” मग बराच वेळ त्या तांदूळ, डायपर आणि विजेच्या बिलाविषयी बोलत राहिल्या. मे महिन्यापासून आयांची पाळी पाचला संपू लागली आणि पाच ते आठचे काम सिस्टरांनी आपसांत वाटून घेतले. पगार थोडा वाढला, पुरेसा नाही. मदर स्वतः त्या वेळात भांडी घासताना मी पाहिल्या आहेत. त्यांचे वय सत्तरीच्या पुढचे असावे. त्यामुळे तक्रार मी मागे घेत नाही, पण ती कोणाकडे करतो आहे, याचेही भान ठेवावे लागते.

बाकीच्या उणिवा किरकोळ आहेत. पावसाळ्यात वीज वारंवार जाते आणि इन्व्हर्टरवर फक्त दोन दिवे व हवेच्या गाद्यांचे पंप चालतात. फोन सहजी उचलला जात नाही. जेवण मऊ आणि ताजे असते, पण तिखटाची सवय असलेल्या जिभेला ते अळणी लागते. आत्याला नाचणीची आंबील तेवढी मनापासून आवडे आणि ती तिला चमच्याने, मान उचलून धरून, ठसका लागू न देता भरवायला पाऊण तास लागे.

आत्याची जखम जूनपर्यंत भरत आली होती, नखाएवढी उरली होती. ती गेली ती छातीत कफ झाल्याने, मुसळधार पावसाच्या रात्री, दोन आणि चारच्या मधल्या वेळात. आम्ही पोहोचेपर्यंत उजाडले. सिस्टरने तिला आंघोळ घालून स्वच्छ नऊवारी नेसवून ठेवले होते आणि तुळशीचे पान कोठून तरी मिळवून तोंडात घातले होते. वहीत दोन वाजताच्या रकान्यात ‘डावी कूस’ अशी नोंद होती.

पाचपैकी चार गुण मी देतो. उरलेला एक आयांच्या पगारासाठी राखून ठेवला आहे. खर्चासाठी ते ठरावीक रक्कम सांगतात, पण न जमणाऱ्याला परत पाठवत नाहीत, म्हणून ज्यांना जमते त्यांनी थोडे अधिक द्यावे आणि पावतीवर ‘आयांच्या पगारासाठी’ असे आवर्जून लिहून घ्यावे. भेटीची वेळ चार ते सहा. जाताना फळांच्या करंड्या नेऊ नयेत, तेथे चावून खाऊ शकणाऱ्या फारच थोड्या आहेत. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साड्या न्याव्यात, घड्या घालून पाठीखाली सरकवायला त्या रोज लागतात आणि कधीच पुरत नाहीत.