फोनच्या जोडीला गजराचे घड्याळ: सेलचे की चावीचे?

फोनमध्ये पाच-पाच मिनिटांच्या अंतराने चार गजर लावले तरी ते चार होत नाहीत, कारण चारही एकाच बॅटरीच्या भरवशावर असतात. २०११ च्या १ आणि २ जानेवारीला अनेक आयफोनांवर एकदाच वाजण्यासाठी लावलेले गजर वाजले नव्हते. माझ्याकडे कारण अगदी साधे घडले: रात्री वीज गेली आणि फोन चार्ज झालाच नाही. आईला शस्त्रक्रियेसाठी सकाळी सातला रुग्णालयात न्यायचे होते. आम्ही दीड तास उशिरा पोहोचलो, शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर गेली आणि आदल्या रात्रीपासून उपाशी असलेल्या आईला पुन्हा तसेच राहावे लागले. त्यानंतर मी उशाशी आधी सेलचे आणि पुढे चावीचे घड्याळ ठेवले.

वेळेच्या अचूकपणात सेलचे घड्याळ निःसंशय सरस आहे. त्यातील क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो; माझे चावीचे घड्याळ मात्र दिवसाकाठी तीन-चार मिनिटे पुढे जाते, म्हणून रोज रात्री काटे जुळवावे लागतात. शिवाय त्याची टिकटिक असते. पहिले आठ दिवस ती मला जाणवली, नंतर नाही. पण घरात तान्हे मूल असेल किंवा कोणाची झोप सावध असेल, तर हा मुद्दा हलका मानू नये.

माझा निर्णय मात्र एका वेगळ्याच त्रासामुळे झाला. सेलच्या घड्याळाचे काटे फिरवायला अत्यल्प वीज पुरते, भोंग्याला त्याहून बरीच अधिक लागते. त्यामुळे सेल उतरू लागला तरी काटे बिनचूक चालत राहतात आणि घड्याळ ठणठणीत आहे असेच आपल्याला वाटते. माझ्याकडे एका पहाटे त्यातून जेमतेम किणकिण ऐकू आली, तीही मी योगायोगाने जागा होतो म्हणून. जे साधन फोन दगा देईल त्या दिवसासाठीच घेतले, त्याने न सांगता दुबळे व्हावे, हे मला फार खटकले.

चावीच्या घड्याळात चालण्याची स्प्रिंग वेगळी आणि गजराची वेगळी असते. दोन्हींना रात्री चावी देताना बोटांना ताण जाणवतो, आणि तो जाणवला की सकाळी घंटा वाजणार याची खात्री होते. चावी द्यायचे विसरणे शक्य आहे, हे मान्य. पण तो विसर माझा असतो आणि झोपण्यापूर्वी सुधारता येतो.

सेलचेच घ्यायचे ठरवलेत तर सेल संपण्याची वाट न पाहता दर सहा महिन्यांनी बदलावा आणि अधूनमधून गजर वाजवून पाहावा. चावीच्या घड्याळात गजराचा काटा थोडा ढोबळ असतो, म्हणून तो दहा मिनिटे आधीचा लावावा आणि घड्याळ हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर ठेवावे. माझे खिडकीच्या कट्ट्यावर असते.