खोटं प्रमाणपत्र आणि दर वर्षीचं ‘रिन्यूअल’: ट्रेडमार्कच्या नावाखाली आम्हाला कसं लुबाडलं

तुम्ही मसाले, लोणची, साबण, साड्या असं काहीही स्वतःच्या नावाने विकत असाल आणि ‘नाव रजिस्टर करून देतो’ म्हणत कुणी तुमच्याकडे आलं असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. प्रकरण चालू आहे, म्हणून आमच्या मसाल्याचं नाव आणि त्या माणसाचं नाव इथे देत नाही. बाकी सगळं जसं घडलं तसं लिहिते.

मी आणि माझ्या जाऊबाई कराड तालुक्यात कांदा-लसूण मसाला करतो. सासूबाईंच्या नावाने २०१४ पासून विकतोय. उद्यम नोंदणी, फूड लायसन्स, जीएसटी, सगळं रीतसर काढलेलं होतं. २०२२ मध्ये एका ओळखीच्या दुकानदाराने एक कन्सल्टंट आमच्याकडे पाठवला. तो म्हणाला, ‘‘वहिनी, हे सगळे कागद धंद्याचे झाले. नावाचं काय? उद्या दुसऱ्याने हेच नाव पाकिटावर छापलं तर यातला एकही कागद कामाचा नाही.’’

हे त्याचं बोलणं खरं होतं. उद्यम, जीएसटी, फूड लायसन्स, इतकंच काय, कंपनी कायद्याखाली केलेली कंपनीची नोंदणीसुद्धा मालावरच्या नावाचा हक्क देत नाही. तो हक्क ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली नोंदवावा लागतो. म्हणूनच हा प्रकार धोक्याचा आहे. असा माणूस पहिली दहा वाक्यं खरी बोलतो.

त्याने २२,००० रुपये सांगितले. त्यात ९,००० ‘गव्हर्नमेंट फी’. प्रत्यक्षात ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी, म्हणजे मालाच्या एका प्रकारासाठी, ९,००० आहे ती कंपन्या वगैरेंना. अर्जदार एकटी व्यक्ती असेल, स्टार्टअप असेल किंवा उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योग असेल, तर ४,५०० आहे. आमच्या अर्जाला त्याने ४,५००च भरले होते. हे आम्हाला फार उशिरा कळलं, कारण फी भरल्याची पावती त्याने कधी दिलीच नाही. स्वतःच्या लेटरहेडवरचं बिल दिलं. अर्ज ऑनलाइन भरला की सरकारी पावती त्याच वेळी तयार होते. त्यावर अर्जाचा क्रमांक आणि भरलेली रक्कम असते. ती त्याच दिवशी मागा.

जोडीला तो ‘रेसिपीचं पेटंट’ही काढून देणार होता, वेगळे ३५,००० घेऊन. जाऊबाईंनी साफ सांगितलं, मसाल्याचं प्रमाण मी कुणाला सांगणार नाही. त्या बरोबर होत्या. परंपरेने चालत आलेल्या ज्ञानाला पेटंट कायद्याच्या कलम ३ प्रमाणे पेटंट मिळतच नाही, आणि नवा शोध असला तरी पेटंट मागायचं म्हणजे तो उघड करावा लागतो. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते आणि त्या संस्थेने जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन ते पेटंट पाडलं. घरचा मसाला टिकतो तो प्रमाण गुप्त ठेवल्यानेच. मसाल्याच्या पेटंटसाठी कुणी पैसे मागत असेल, तर त्याला तिथूनच परत पाठवा.

दोन महिन्यांत त्याने प्रमाणपत्र आणून दिलं. अशोकस्तंभ, शिक्का, सोनेरी कडा. आम्ही ते फ्रेम करून लावलं आणि पाकिटावर नावापुढे गोलातला आर (®), म्हणजे नाव नोंदलेलं असल्याची खूण, छापून घेतला. मग मार्च २०२३ मध्ये त्याचा फोन आला: ‘‘वहिनी, रिन्यूअल आलंय. नाही भरलं तर नाव जाईल.’’ सहा हजार. २०२४ मध्ये पुन्हा सहा हजार.

ट्रेडमार्कची नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं टिकते. वार्षिक नूतनीकरण नावाची गोष्टच या कायद्यात नाही. आणि दोन महिन्यांत प्रमाणपत्रही मिळू शकत नाही. अर्ज आधी तपासला जातो. मान्य झाला तर ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो. त्यानंतर चार महिने कुणालाही हरकत घेता येते. हे चार महिने कुणासाठीही टळत नाहीत, मग ओळख कितीही वर असो. म्हणजे अर्जानंतर चार महिन्यांच्या आत कुणी प्रमाणपत्र दिलं तर ते खोटंच आहे.

उलगडा २०२५ मध्ये झाला. एका ऑनलाइन विक्रीच्या साइटवर ब्रँड नोंदवायचा होता. त्यांनी क्रमांक मागितला, आम्ही प्रमाणपत्रावरचा टाकला. तो भलत्याच कुणाच्या तरी मालाचा निघाला. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने सरकारी ‘आयपी इंडिया’ साइटवर आमच्या नावाने शोध घेतला. अर्ज सापडला. त्यापुढे स्थिती लिहिली होती: अबॅन्डन्ड. सोडून दिलेला.

साइटवर अर्जाचे सगळे कागद कुणालाही उघडून बघता येतात. ते वाचले तेव्हा सगळी लबाडी समोर आली. पत्रव्यवहाराचा ईमेल त्याचा होता, मोबाईलही त्याचाच. ट्रेडमार्क रजिस्ट्रीचा, म्हणजे नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाचा, तपासणी अहवाल त्याच्याकडे गेला होता. त्यात कलम ११ खाली आक्षेप होता, मिळतंजुळतं नाव आधीच नोंदलेलं आहे म्हणून. असे आक्षेप पुष्कळ अर्जांना येतात. उत्तराला मुदत असते तीस दिवसांची. त्याने उत्तर दिलं नाही, आम्हाला कळवलं नाही, आणि अर्ज निकाली निघाला. आम्ही मात्र भिंतीवरच्या फ्रेमकडे बघत निर्धास्त होतो.

याहून वाईट म्हणजे, नाव २०१४ पासून वापरात असताना त्याने अर्जात ‘पुढे वापरणार’ असं लिहिलं होतं. आधीपासूनचा वापर दाखवायचा तर प्रतिज्ञापत्र आणि जुनी बिलं जोडावी लागतात. ती मेहनत त्याला टाळायची होती. या एका ओळीने आमची आठ वर्षं पुसली गेली. वापराची तारीख हीच आमच्यासारख्यांची खरी पुंजी आहे. कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ज्याने नाव आधीपासून सतत वापरलंय, त्याला नंतर वापर सुरू करून नोंदणी मिळवणारा अडवू शकत नाही. पण आधीपासून म्हणजे कधीपासून, हे कागदांनी दाखवावं लागतं. छपाईवाल्याची बिलं, पाकिटांचे जुने नमुने, बचत गटाच्या प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, तारखेसह फोटो, काही टाकून देऊ नका. जाऊबाईंनी २०१४ ची लेबलं ट्रंकेत ठेवली होती. आज आमचा सगळा दावा त्या लेबलांवर उभा आहे.

दावा करावा लागला, कारण त्याच शोधात दुसरा अर्ज दिसला. आमच्याकडून माल उचलणाऱ्या एका व्यापाऱ्याने २०२४ मध्ये आमचंच नाव त्याच वर्गात, म्हणजे मसाले येतात त्या ३० क्रमांकाच्या वर्गात, स्वतःसाठी मागितलं होतं. तो अर्ज जर्नलमध्ये छापून झालेला होता आणि चार महिने संपत आले होते. आम्ही वकील गाठले, टीएम-ओ फॉर्म भरून २,७०० रुपये फीसह हरकत नोंदवली, आणि आमचा नवा अर्ज २०१४ च्या वापरासह टाकला. पाकिटावरचा गोलातला आरही काढून टाकला. नोंदणी नसताना तो छापणं कायद्याने चुकीचं आहे, तिथे टीएम लिहिता येतं. तयार असलेली हजारो पाकिटं रद्दीत गेली.

आता काम कोण करू शकतं, ते सांगते. कलम १४५ प्रमाणे रजिस्ट्रीपुढे तुमच्या वतीने वकील किंवा नोंदणीकृत ट्रेडमार्क एजंट उभा राहू शकतो. कुठलाही ‘कन्सल्टंट’ नाही. समोरच्याला त्याचा एजंट क्रमांक किंवा सनद विचारा, आणि चिडला तर काम देऊ नका. अर्ज तुम्ही स्वतःही भरू शकता. दुसऱ्याकडून भरून घेतलात तरी अर्जदार म्हणून कुणाचं नाव लिहिलंय आणि ईमेल कुणाचा आहे, हे दोन रकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग महिन्यातून एकदा साइटवर क्रमांक टाकून स्थिती बघा, त्याला पैसे लागत नाहीत. मुलं-सुना घरात असतील तर त्यांना हे काम द्या.

आणखी एक. अर्जदारांची नावं-पत्ते साइटवर उघड असल्याने नवा अर्ज टाकल्यापासून आम्हाला अनोळखी फोन येत आहेत. ‘तुमच्या अर्जावर आक्षेप आलाय, आज पैसे भरा नाहीतर रद्द होईल.’ परदेशी वाटणाऱ्या रजिस्टरमध्ये नाव छापतो म्हणून बिलंही येतात. अशा फसव्या बिलांबद्दल जागतिक बौद्धिक संपदा संघटना स्वतःच लोकांना सावध करते. फोनवर कुणी काहीही सांगो, आम्ही आधी साइट उघडून बघतो, मग वकिलांशी बोलतो.

त्या माणसावर पोलिसांत फसवणूक आणि बनावट कागद केल्याची तक्रार दिली आहे. ग्राहक आयोगातही अर्ज केलाय. तिथे ‘तुम्ही धंदेवाल्या, तुम्ही ग्राहक कशा?’ असं विचारलं जाईल अशी भीती होती. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्यालाही ग्राहक म्हणून दाद मागता येते, असं आमच्या वकिलांचं म्हणणं आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, तेवढी लक्षात ठेवा.

हरकतीची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत त्या व्यापाऱ्याने उत्तर दिलं नाही तर त्याचा अर्ज आपोआप सोडून दिलेला धरला जातो. त्याने उत्तर दिलं आहे. आता पुरावे द्यायची पाळी आमची आहे, आणि २०१४ ते २०१६ मधली आमची बिलं कमी पडताहेत. कराड, सातारा, सांगली भागातल्या ज्या दुकानदारांनी त्या वर्षांत आमचा मसाला ठेवला होता, त्यांना आम्ही एकेक करून भेटतो आहोत. तुमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याच्या घरगुती पाकिटांची तेव्हाची खरेदीबिलं असतील, तर कृपया ती फाडू नका.