ओट्यासाठी लाकूड: सागवान, शिसम, फणस की रबरवुड?

आपल्या स्वयंपाकघरात ओटा रोज पाण्याने धुतला जातो आणि कुकर शेगडीवरून उतरला की थेट बाजूला टेकतो. म्हणून शेगडी आणि सिंकची बाजू ग्रॅनाइटचीच ठेवा. लाकूड घ्यायचं ते कोरड्या बाजूला, जिथे पोळ्या लाटतो, भाजी चिरतो, डबे भरतो तिथे. सबंध ओटा लाकडाचा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता लाकूड कोणतं? कोकणात, मुंबईत, गोव्यात राहत असाल तर सागवान. त्यात मुळातच तेलकटपणा असतो, वाळवी सहसा लागत नाही, आणि ओल-कोरड्याच्या फेऱ्यात ते इतर लाकडांपेक्षा कमी हलतं. मात्र दुकानात सगळ्यालाच ‘सागवान’ म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडचं, बल्लारशाच्या डेपोतून येणारं जुन्या झाडाचं लाकूड वेगळं आणि लवकर तोडलेल्या लागवडीचं वेगळं. फळीच्या कडेला पांढुरका पट्टा दिसला तर तो गाभ्याबाहेरचा भाग. कीड तिथूनच शिरते, तो कापून टाकायला सांगा.

पैसे वाचवायचे असतील तर जुन्या वाड्याच्या तुळया बघा. ते सागवान कित्येक दशकं वाळलेलं असतं, त्यामुळे पुढे वाकण्याची भीती कमी. त्यात खिळे लपलेले असतात, तेवढं लोहचुंबक फिरवून आधी तपासा, नाहीतर रंध्याचं पातं जाईल.

शिसम सागवानापेक्षा कठीण, सुरीच्या खुणा कमी पडतात आणि गडद रंगात हळदीचा डागही लपतो. बाजारातलं हे शिसम उत्तरेकडचं. आपल्या सह्याद्रीतली काळसर शिसवी वेगळी, ती आता दुर्मीळ आणि महाग. शिसम नीट वाळलेलं नसेल तर चिरतं. नागपूर-छत्रपती संभाजीनगरसारख्या कोरड्या हवेत मी ते आनंदाने घेईन, किनाऱ्यावर बिचकेन.

फणसाकडे शहरातली माणसं बघतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. कोकणातल्या जुन्या घरांत खांब-दारं फणसाची असत. नवं असताना हळदीसारखं पिवळं, काही वर्षांत तपकिरी होत जातं. स्वतःच्या परसातलं झाड पडलं असेल तर दुसरीकडे शोधूच नका. फक्त चिरून घेतलेल्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, निदान वर्षभर वाळू द्या.

रबरवुड स्वस्त, फिकट, दिसायला नीटस. पण मुळात बुरशी आणि किडीला लवकर बळी पडणारं, औषध मारलेलंच घ्यावं लागतं. भाड्याच्या घरासाठी ठीक.

हिशेब असा करा: 8 फूट लांब, 2 फूट रुंद, दीड इंच जाड पाट म्हणजे बरोबर 2 घनफूट. रंधून झाल्यावरचं हे माप आहे, कच्चं लाकूड त्याहून जास्त लागेल.

पॉलिशबद्दल सुतार पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनच्या प्लास्टिकसारख्या थराचा, आग्रह धरेल. ते चकचकीत दिसतं, पण सुरीने एकदा कापलं गेलं की पाणी आत शिरतं आणि सगळा पाट खरवडावा लागतो. मी तेलाच्या बाजूची. कच्चं जवसाचं तेल पातळ हाताने चोळायचं, वाळायला दिवस लागतात ते द्यायचे. बेलतेलात, म्हणजे दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या जवसाच्या तेलात, लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, कणीक मळायच्या जागी ते नको. शेंगदाण्याचं तेल तर नकोच, खवट होतं. आणि जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मग फेका.

बसवताना सुताराला दोन गोष्टी आधीच सांगा. तेल खालच्या बाजूलाही आणि कापलेल्या टोकांना तर दोनदा, कारण टोकंच सर्वात जास्त पाणी पितात. आणि स्क्रूची भोकं लांबट ठेवायची, भिंतीपाशी थोडी फट सोडायची. पावसाळ्यात 2 फुटी पाट रुंदीत काही मिलिमीटर फुगतो, त्याला तेवढी जागा लागते.